रस्ता बघून गिअर निवड, ताई

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘अण्णा, गाडी मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?’ तेव्हा गॅरेजमध्ये गिऱ्हाईक उभं होतं आणि दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हावं असा हा विषय नाही, म्हणून लिहितोय. उत्तर आधीच सांगतो: तू ऑटोमॅटिकच घे. पण शोरूमवाला ‘ऑटोमॅटिक’ म्हणून जे पुढं करेल त्याला लगेच हो म्हणू नकोस. त्या एका नावाखाली चार निरनिराळे गिअरबॉक्स विकले जातात आणि ट्रॅफिकमध्ये, घाटात, चारही वेगळे वागतात.

आधी तुझा रस्ता बघू. पाच दिवस वारज्याहून हिंजवडी, म्हणजे पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक, परत पहिला. क्लच अर्धवट दाबलेला असतो तेव्हा क्लच प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकावर, घासत असते. जितकी घासेल तितकी झिजते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चाललेल्या गाडीची क्लच प्लेट 50-60 हजार किलोमीटरच्या आत गेलेली मी नेहमी बघतो. तीच गाडी इकडं साताऱ्याजवळच्या कोरेगाव-रहिमतपूर भागात चालली तर बिनतक्रार लाखाच्या पुढं जाते. आणि प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, मग प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळंच बदललेलं बरं. पण हा खर्च एकवेळ राहू दे. रोज दोन-अडीच तास डाव्या पायानं क्लच दाबून तुझा गुडघा दुखायला लागला तर तो कुठल्या गॅरेजात न्यायचा?

मग शुक्रवारची संध्याकाळ. पुण्याहून साताऱ्याला येताना वाटेत खंबाटकीचा घाट आहे. सुट्ट्यांच्या आधी त्या चढाला ट्रक आणि कंटेनर रांगत असतात. तिथं थांबायचं, चार हात पुढं जायचं, पुन्हा थांबायचं. गिअरबॉक्सची खरी परीक्षा या चढाला होते. म्हणून प्रकार नीट समजून घे.

सगळ्यात स्वस्त असतो तो एएमटी. आपल्याकडं मारुतीनं 2014 साली सेलेरिओत आणला आणि छोट्या गाड्यांत ऑटोमॅटिक आलं ते त्यापासून. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच प्लेटही तीच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं. म्हणून एव्हरेज मॅन्युअलइतकंच मिळतं आणि किंमत 50-60 हजारांनीच वाढते. सपाट रस्त्याला, एकट्या माणसाला ही चांगली सोय आहे. पण गिअर बदलताना गाडी क्षणभर मान टाकते, आणि चढाला ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर आतली प्लेट तशीच जळते जशी हाफ क्लचवर जळते. पाय मोकळा असतो म्हणून चालवणाऱ्याला ते कळतही नाही. क्लचचा जळका वास येणाऱ्या एएमटी गाड्या माझ्याकडं येतात, आणि मालकाला विचारलं की तो म्हणतो, ‘मी तर क्लचला हातसुद्धा लावत नाही!’ एएमटीत चढाला थांबायचं तर ब्रेकवर किंवा हँडब्रेकवर, दुसरं काही नाही.

दुसरा टॉर्क कन्व्हर्टर. यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये प्लेट घासत नाही, तेल असतं. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरायला लागतो, तसं इंजिनाकडचं चाक तेल फेकतं आणि त्या तेलाच्या जोरानं गिअरबॉक्सकडचं चाक फिरतं. गाडी उभी असली तरी तेल ढकलतच असतं, म्हणून ब्रेकवरून पाय काढला की ती आपोआप पुढं सरकते. साध्या चढाला मागं येत नाही. वेग धरल्यावर आतला लॉक-अप क्लच दोन्ही चाकं जोडून टाकतो, त्यामुळं हायवेला शक्ती वाया जात नाही. एव्हरेज थोडं कमी मिळेल, किंमत लाख-सव्वा लाखानं जास्त असेल. पण इतका दणकट प्रकार दुसरा नाही, आणि घाटाला माझी पहिली पसंती याला.

तिसरा सीव्हीटी. तू कॉलेजात ॲक्टिव्हा चालवलीस, तिच्यात तेच तत्त्व आहे. लहान-मोठ्या होणाऱ्या दोन पुल्या आणि त्यावर पट्टा. स्कूटरला रबराचा, गाडीला पोलादाचा. मोजके ठरावीक गिअर नसतातच, त्यामुळं झटका नावाला नाही. हिंजवडीच्या रांगेत याच्याइतकं सुख कशातच नाही. ओव्हरटेक करताना मात्र इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. खंबाटकीत कंटेनर गाठताना त्याचा अंदाज तुला शिकावा लागेल.

चौथा डीसीटी, दोन क्लचांचा: एकाकडं एक-तीन-पाच, दुसऱ्याकडं दोन-चार-सहा. गिअर डोळ्याचं पातं लवतं तितक्यात पडतो. चालवायला फार गोड, पण ज्यात क्लच तेलात बुडालेले नसतात तो कोरडा डीसीटी रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो. तू सेकंडहँड डीसीटी बघत होतीस, ती सोडून दे. आधीच्या मालकानं कुठल्या ट्रॅफिकमध्ये चालवली ते आपल्याला बाहेरून दिसत नाही.

तेव्हा तुझ्यासाठी टॉर्क कन्व्हर्टर, नाहीतर सीव्हीटी. पैशाचा फरक पडतो हे मला माहीत आहे. त्यासाठी कर्ज वाढवू नकोस, तेवढी रक्कम मी घालतो. आणि खालचं व्हेरिएंट घे. सनरूफ नसलं तर काही अडत नाही, गिअरबॉक्स मात्र रोज लागतो.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्याला घेऊ नकोस. चार माणसं बसव, एसी लाव आणि चढ असेल तिथं ने. मधेच थांबव, ब्रेकवरून पाय काढ आणि गाडी किती मागं येते ते बघ. हिल होल्ड असेल तर ती दोनेक सेकंद धरून ठेवेल, तेवढ्यात ॲक्सिलरेटर द्यायचा. तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प आहे ना, त्यावर रिव्हर्समध्ये हळूहळू चढव. गाडी तिथं अडखळत असेल तर पुढं रोज अडखळेल. सेल्समन घाई करेल, करू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यवतेश्वरचा घाट असो, पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणीचा असो की मेढ्याच्या वाटेवरचा केळघर, एसटीचे जुने ड्रायव्हर जे सांगत आले ते ऑटोमॅटिकलाही लागू आहे: ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा. ‘डी’ला, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हला टाकून नुसत्या ब्रेकवर उतरलीस तर पुष्कळ गाड्या वरचा गिअर घेतात, इंजिनाचा अटकाव सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, ब्रेक ऑइल उकळायला लागतं आणि पेडल खाली जातं. अशा गाड्या मी घाटातून आणल्या आहेत, म्हणून तळमळीनं सांगतोय. उताराला लागण्याआधीच मॅन्युअल मोडवर घे, किंवा ‘एल’, ‘2’ असा खालचा गिअर जो काही दिला असेल तो टाक, आणि इंजिनाला गाडी अडवू दे. न्यूट्रल तर कधीच नाही. पेट्रोल वाचतं म्हणून लोक न्यूट्रल करतात, पण आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पेट्रोलचा फवारा बंदच होतो; न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं.

बाकीचं थोडक्यात. डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवरच; ब्रेकही उजव्या पायानंच दाबायचा. उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक ओढायचा, मग ‘पी’ म्हणजे पार्किंग टाकायचं, नाहीतर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या छोट्याशा खुंटीवर पडतो. बॅटरी उतरली तर ही गाडी ढकलून चालू होत नाही, तेव्हा जंपर केबल डिकीत असू दे. आणि बंद पडली तर दोर लावून ओढू देऊ नकोस. आतलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि पुढची चाकं फिरताहेत असं झालं की आतले भाग कोरडे घासून जळतात. उचलून नेणारी गाडीच बोलाव.

तुझे मामा म्हणाले म्हणे, ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी, त्यात ड्रायव्हिंग कसलं. मामा फौजेत होते, त्यांना फौजेचंच सांग. जनरल मोटर्सनं हायड्रा-मॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 1939 साली आणला, आधी ओल्ड्समोबाईल गाड्यांसाठी. पुढं महायुद्धात अमेरिकेनं तोच एम-5 स्टुअर्ट रणगाड्यांत बसवला. आणि काश्मीरच्या लढाईत, नोव्हेंबर 1948 मध्ये, जनरल थिमय्यांनी झोजिला खिंडीत जे रणगाडे चढवले, आपल्या सातव्या कॅव्हलरीचे, ते या स्टुअर्ट जातीचेच. साडेअकरा हजार फुटांवर, बर्फात. ज्या पोरी रोज असल्या ट्रॅफिकमधून गाडी काढून वेळेवर कामावर पोचतात, त्यांच्या ड्रायव्हिंगला कुणी कमी लेखलेलं मला चालणार नाही.

धाकट्याचं मात्र वेगळं. त्याला मी मॅन्युअलवरच शिकवणार. आपल्याकडं लायसन दोन्हींना एकच चालतं, पण गावाकडची जीप, मित्राची गाडी, गॅरेजमधला पिकअप, सगळं मॅन्युअल आहे. अडीनडीला त्याला कुठलीही गाडी काढता आली पाहिजे. तुला ते येतंच.

एक गोष्ट आई तुला सांगणार नाही, म्हणून मी लिहितो. तिचं लायसन आहे, हात चांगला आहे, सपाटीला ती माझ्यापेक्षा शांत चालवते. पण साताऱ्यात सपाट आहेच किती? समर्थ मंदिराकडं निघालं की चढ, यवतेश्वरला निघालं की चढ. मागं एसटी उभी, हॉर्न वाजतोय, क्लच सोडताना गाडी मागं सरकतेय, या धास्तीनं तिनं स्टीअरिंग सोडलं. ‘पोरीच्या गाडीला मी कशाला हात लावू’ असं ती म्हणते खरी, पण तू ऑटोमॅटिक बघतेस हे कळल्यापासून तिनं दोनदा विचारलं, ‘ती मागं येत नाही म्हणे चढाला?’ तू आलीस की पहिली फेरी तिला मारू दे. सकाळी लवकर, कासच्या रस्त्याला, पर्यटकांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत.

बुकिंगची रक्कम भरण्याआधी गाडीच्या नावाबरोबर गिअरबॉक्सचा प्रकार मला कळव. माहितीपत्रकात नुसतं ‘एटी’ छापलेलं असेल तर आत काय आहे ते शोरूममधून लिहून घे. आणि गिअरबॉक्सचं तेल किती किलोमीटरला बदलायचं, तेही विचारून ठेव. ‘लाइफटाइम आहे’ म्हणाले तरी गाडीच्या पुस्तकात काय दिलंय ते मला बघायचंय. फोटो पाठव.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझे,
अण्णा