बाण कमी कर, मागचं बटण आधी बघ

प्रिय मंदार,

तुझ्या खर्चवहीच्या अ‍ॅपचा आराखडा पाहिला. पाच स्क्रीन आणि सगळीकडून सगळीकडे बाण! फ्लटरमध्ये (गुगलचं अ‍ॅप बनवायचं साधन) कोड लिहायला बसण्याआधी प्रत्येक बाणाजवळ थांबून एवढंच बघ: इथे मागचं बटण दाबलं तर माणूस कुठे पोचायला हवा?

यादीतून एका खर्चाचा तपशील उघडला, तर मागे यादीच हवी. तिथे नेव्हिगेटरचा पुश, म्हणजे स्क्रीनच्या थप्पीवर नवी स्क्रीन ठेवणं. यादी, अहवाल आणि सेटिंग्ज या शेजारच्या स्क्रीन, त्यांच्यात पुश करायचाच नाही, त्या खालच्या पट्टीतले टॅब. आणि लॉगिन झाल्यावर मागे पुन्हा लॉगिन दिसता कामा नये. तिथे बहुतेक जण पुशरिप्लेसमेंट ही आज्ञा वापरतात, पण ती फक्त सगळ्यात वरची स्क्रीन बदलते. लॉगिनच्या खाली स्वागताची स्क्रीन असेल तर ती तशीच उरते. म्हणून पुशअँडरिमूव्हअंटिल वापर आणि कुठे थांबायचं या अटीत फॉल्स (नाही) दे, म्हणजे खालचं सगळं निघून जातं. लॉगआउटलाही हेच.

आता सर्वांत जास्त दिसणारी गडबड. तपशिलातून यादीकडे परतण्यासाठी बटण ठेवायचं आणि त्यात यादी पुन्हा पुश करायची. दिसायला बरोबर दिसतं, पण आता यादीवर तपशील आणि तपशिलावर दुसरी यादी. चार वेळा असं केलं की मागचं बटण दाबून दाबून बोट दुखतं, आणि झाकलेल्या सगळ्या स्क्रीन मेमरीत बसून असतात. परतायचं असेल तर पॉपच, म्हणजे वरची स्क्रीन काढून टाकणं.

नवीन खर्चाच्या फॉर्मचंही तसंच. सेव्ह केल्यावर पॉप करताना सोबत ट्रू (हो) परत पाठव. यादीत पुशच्या आधी अवेट (उत्तर येईपर्यंत थांब) लाव आणि उत्तर ट्रू आलं तरच यादी पुन्हा वाच. माणूस मागच्या बटणाने आला तर उत्तर नल, म्हणजे रिकामं, येतं, तेव्हा तुलना थेट ट्रूशीच कर. अवेटनंतर कॉन्टेक्स्ट (स्क्रीन अ‍ॅपच्या रचनेत कुठे आहे ते सांगणारा) वापरायचा असेल तर आधी माउंटेड, म्हणजे स्क्रीन अजून जागेवर आहे का, ते तपास, नाहीतर मधल्या काळात स्क्रीन गेलेली असल्यास एरर येते.

तपशिलाच्या स्क्रीनला खर्चाचा आख्खा ऑब्जेक्ट (सगळी माहिती) देऊ नकोस, फक्त आयडी दे. खर्च दुसरीकडे बदलला की हातातली प्रत शिळी होते. आयडीवरून वाचलं की ताजं मिळतं.

टॅबसाठी बॉडीमध्ये (स्क्रीनच्या मुख्य भागात) नुसती निवडलेली स्क्रीन ठेवलीस तर टॅब बदलताच आधीचं स्क्रोल आणि अर्धवट टाइप केलेलं जातं. सगळे टॅब जिवंत ठेवून एकच दाखवणारा इंडेक्स्डस्टॅक वापरलास की टिकतं. मात्र तो सगळे टॅब सुरुवातीलाच बांधतो, म्हणजे अहवालाचं जड काम इनिटस्टेटमध्ये (स्क्रीन तयार होताना एकदाच चालणारा कोड) असेल तर अ‍ॅप उघडतानाच ते चालू होणार. बॉटमनेव्हिगेशनबारमध्ये, म्हणजे त्या खालच्या पट्टीत, चौथा टॅब टाकलास की एक गंमत होते: त्याचा प्रकार आपोआप फिक्स्डवरून शिफ्टिंग होतो, न निवडलेल्या टॅबांची नावं गायब होतात आणि चिन्हं पांढऱ्यावर पांढरी होऊन पट्टीच रिकामी वाटते. लोक रंगांत चूक शोधत बसतात. प्रकार फिक्स्ड लिहिला की झालं.

मटेरियलअ‍ॅप (सगळ्याला गुंडाळणारं सर्वांत बाहेरचं विजेट, म्हणजे घटक) एकच ठेव, प्रत्येक स्क्रीनला स्वतःचा स्कॅफोल्ड (सांगाडा). दुसऱ्या स्क्रीनमध्ये चुकून पुन्हा मटेरियलअ‍ॅप आलं की त्याचा वेगळा नेव्हिगेटर तयार होतो आणि वरचा मागचा बाण नाहीसा होतो. होम, म्हणजे पहिली स्क्रीन, मात्र वेगळ्या विजेटमध्ये लिही. ज्या बिल्डमध्ये (विजेट उभारणाऱ्या कोडमध्ये) मटेरियलअ‍ॅप आहे त्याच बिल्डचा कॉन्टेक्स्ट पुशला दिलास, तर नेव्हिगेटर सापडत नाही अशी एरर येते, कारण तो कॉन्टेक्स्ट नेव्हिगेटरच्या वरचा असतो.

फाइली स्क्रीन्स फोल्डरमध्ये, एका स्क्रीनला एक. नामांकित रूट (स्क्रीनना नावं देणं), गोराउटर (पत्त्यांवरून स्क्रीन उघडणारं पॅकेज) वगैरे सध्या नको. पाच स्क्रीनना साधा पुश पुरतो. पुढे लिंकवरून थेट एखादा तपशील उघडायची वेळ आली की बघू.

फॉर्म अर्धवट सोडताना विचारायचं असेल तर मागे जाणं अडवणारं पॉपस्कोप विजेट लाव. काही टाइप झालेलं असेल तेवढ्यापुरतंच त्यातलं कॅनपॉप (मागे जाता येईल का) फॉल्स कर. जुन्या लेखांत दिसणारं विलपॉपस्कोप आता वापरू नकोस, ते कालबाह्य ठरवलंय.

आधी फक्त यादी आणि फॉर्म जोड, आणि ते दोन झाले की कोड पाठव.

तुझा,
निखिल