निळा गडद करायला अर्धा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत वेब डिझाइन शिकणाऱ्यांना ‘लेस विसरा, सास शिका’ असा सल्ला वाचला. दोन्ही म्हणजे सीएसएस (वेबपानाचे रंग-मांडणी ठरवणारी भाषा) सोयीने लिहायची साधनं; त्यांच्या फाइलींतून ब्राउझरला कळणारी सीएसएस तयार, म्हणजे कंपाइल, करून घ्यावी लागते. मी इचलकरंजीत पंधरा वर्षं एकटीच हे काम करते. गिऱ्हाइकं म्हणजे पतसंस्था, सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे), दोन मंगल कार्यालयं. सास शिका, हे ठीक. पण कुठलं?

2016 मध्ये एका पतसंस्थेची साइट मी नोड-सास वापरून केली, म्हणजे नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालणारं सास. गेल्या दिवाळीआधी त्यांचा फोन आला, “मॅडम, ठेवींच्या तक्त्याचा निळा फार फिका दिसतोय, जरा गडद करा.” एका व्हेरिएबलचं, म्हणजे नाव देऊन एकदाच लिहिलेल्या रंगाचं, काम! पण नव्या लॅपटॉपवर नोड नवं, त्यावर नोड-सास बसेचना. आधी पायथन मागितलं, मग सी प्लस प्लसचा कंपायलर. नोड-सासच्या पोटात लिबसास हे सी प्लस प्लसमधलं सास होतं आणि ते 2020 मध्येच मोडीत निघालं होतं. मूळचं रुबी या भाषेतलं सास त्याच्याही आधी, 2019 मध्ये बंद झालेलं. आता चालतं ते डार्ट या भाषेत लिहिलेलं डार्ट सास. अर्धा दिवस घालवून शेवटी कंपाइल झालेली सीएसएस फाइलच हाताने दुरुस्त केली. बिल लावायची लाज वाटली.

उलट एका सायझिंगची 2014 ची लेसमधली साइट मुकाट चालली. नव्या लेससाठी भागाकारांना तेवढे कंस घालावे लागले. बूटस्ट्रॅप या तयार डिझाइन-संचाने चौथ्या आवृत्तीत सास धरल्यापासून लेसला कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या क्लासच्या नोट्समध्ये अजून ‘इम्पोर्ट’ ही दुसरी सास फाइल जोडायची जुनी आज्ञा आहे. 2024 पासून डार्ट सास त्यावर इशारे देतं. स्क्रीनभर इशारे बघून पोरं घाबरतात, कारण आता ‘यूज’ लिहायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पाच पानांच्या साइटला मी आता सास, लेस काहीच लावत नाही, साधी सीएसएस लिहिते. व्हेरिएबल ब्राउझरातच आहेत. नेस्टिंगही (एका नियमाच्या आत दुसरा लिहिणं) 2023 मध्ये आलं, पण पतसंस्थेच्या सभासदांचे फोन जुने, म्हणून ते टाळते. दहा शाखांची साइट असेल तर मात्र लूप (तेच नियम आपोआप पुन्हा लिहून घेणं) आणि मिक्सिन (पुन्हा पुन्हा वापरायचा नियमांचा गठ्ठा) यांसाठी डार्ट सास घेते, नोड आणि सासच्या आवृत्त्या लिहून ठेवते आणि गिऱ्हाइकाला मूळ फाइलींसोबत तयार सीएसएसही देते.

पुढच्या लेखात निदान ‘डार्ट’ हा शब्द छापावा, ही विनंती.

आपली,
एक वेब डिझायनर, इचलकरंजी