आई-बाबांना, दापोलीहून

दापोली, जानेवारी २०२६

तीर्थरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांना फोनवरचे बोलणे आता नीट ऐकू येत नाही आणि आई फोन घेताच स्वतःबद्दल एक वाक्य सांगून माझीच विचारपूस करू लागते, म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरांत लिहीत आहे. बाबांनी ते आईला वाचून दाखवावे आणि मधला मजकूर गाळू नये. सरलेल्या वर्षात आमच्याकडे जे घडले ते यात सगळे आहे, फोनवर मी जे सांगितले नव्हते तेही.

थोरलीच्या दहावीच्या निकालाचे पेढे तुम्हांला पोहोचलेच होते. १३ मे रोजी निकाल लागला, आपला कोकण विभाग याही वेळी राज्यात पहिला आला आणि थोरलीला हवी होती ती विज्ञान शाखा मिळाली. त्याच आठवड्यात ह्यांनी दुसऱ्याच्या रोपवाटिकेतली नोकरी सोडून स्वतःची रोपवाटिका सुरू केली, हेही तुम्हांला ठाऊक आहे. त्यापुढचे मात्र मी तुमच्यापासून लपवले होते.

ह्यांनी रायवळ आंब्याच्या दोन हजार कोयी रुजत घातल्या होत्या. कोय रुजून पाने तांबूस असतानाच त्यावर हापूसची काडी बांधावी लागते, त्यामुळे त्या दिवसांचे गणित चुकून चालत नाही. गेल्या वर्षी २५ मे रोजीच मोसमी पाऊस देवगडापर्यंत येऊन ठेपला आणि मग उसंत म्हणून मिळाली नाही. वाफ्यांत पाणी साचून निम्म्या कोयी कुजल्या, आणि ज्यांवर कलमे बांधली त्यांतलीही बरीचशी बुरशीने गेली. ह्यांना दोन दिवस जेवण गेले नाही. दुसरी खेप घालण्यासाठी पैसे हवे होते, तेव्हा आई, तू मला लग्नात घातलेल्या पाटल्या मी बँकेत गहाण ठेवल्या. तुला विचारायला हवे होते, पण तू काळजी करशील म्हणून विचारले नाही. ऑगस्टमध्ये बांधलेली कलमे आता चांगली धरली आहेत आणि जूनमध्ये ती विकली गेली की पाटल्या सोडवून आणीन.

शाळेत माझे वर्ष आनंदाचे गेले. जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यांत आमच्या हर्णैचा सुवर्णदुर्गही आहे. पाऊस ओसरल्यावर मी नववीच्या मुलांना हर्णैच्या किनाऱ्यावर नेले. रोज मासळीच्या लिलावात आईला हात देणारी मुले त्या तटबंदीकडे जणू पहिल्यांदाच पाहत होती. त्या बारांपैकी सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जलदुर्ग दापोलीहून मालवणला येणाऱ्या किनाऱ्याच्या वाटेवर आहेत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत महामार्ग सोडून त्या वाटेने तुमच्याकडे येण्याचा बेत मी तेव्हाच केला.

दाभोळला गाडी फेरीबोटीत घालून वाशिष्ठीची खाडी ओलांडली, धोपाव्याहून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळच्या धक्क्यावर आलो. पलीकडे जयगड. बोट येईपर्यंत धाकट्याने मला तिथी विचारली. तृतीया होती. बाबांनी शिकवल्याप्रमाणे त्याने तिथीची पाऊणपट केली आणि भरती सव्वादोनला असे ठरवून धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी किती चढते ते पाहत बसला. बाबा, बंदर खात्यातल्या तुमच्या नोकरीबद्दल तो हल्ली वर्गात सांगत असतो. पुढे वाटेत कापणीला आलेले भात अवेळी पावसाने आडवे झालेले दिसले, ते पाहवत नव्हते. विजयदुर्गाला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी देवगड, कुणकेश्वर, आचरा या मार्गाने तिन्हीसांजेला घरी पोहोचलो.

आई, त्या रात्री तू पडवीत बसून सांगितलेस की लग्न होऊन तू याच किनाऱ्याने, पण समुद्रातून आली होतीस. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेल्या बोटीतून हर्णै, दाभोळ, जयगड अशी एकेक बंदरे मागे पडत गेली, आणि मालवणला बोट बाहेरच उभी राहिली तेव्हा नेसत्या शालूनिशी तुला हिंदकळत्या होडीत उतरावे लागले. थोरलीने तुला विचारले, भीती वाटली का. तू म्हणालीस, "वाटली, पण सांगूचा कोणाक?" ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्गात मुलांनी दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरी पाहिल्या आणि चहूबाजूंना खारे पाणी असताना आत गोडे पाणी कसे, यावर परत येईपर्यंत वाद घातला. बाबा या वेळी होडीत चढले नाहीत, आम्ही परतेपर्यंत धक्क्यावरच बसून राहिले. घराची दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरताना त्यांनी धाकट्याचा हात धरला होता आणि धाकट्याला वाटत होते की आजोबांचा आधार त्यालाच आहे. निघण्याच्या दिवशी शेजारच्या काकूंनी सांगितले की श्रावणात आई शेवाळावर घसरून पडली होती आणि पंधरा दिवस तिचा हात गळ्यात बांधलेला होता. त्या पंधरा दिवसांत मी रोज फोन करत होते.

मी पाटल्या लपवल्या, तुम्ही हात लपवला. यंदापासून हे दोन्हीकडून बंद व्हावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. दुसरी विनंती अशी की घर कायमचे सोडा असे मी म्हणत नाही, पण मे अखेर ते गणपतीपर्यंतचा पावसाळा तुम्ही इथे काढावा. गणपतीला आपण सगळे मिळून घरी जाऊ. खालची खोली तुमच्यासाठी मोकळी केली आहे, तिला एकही पायरी नाही. कुडाळहून खेडपर्यंत रेल्वेने या, खेडला आम्ही गाडी घेऊन उभे असू. तिकिटे थोरली काढील, तारीख तेवढी बाबांनी स्वतःच्या हाताने लिहून कळवावी. येताना भरतीच्या वेळा लिहिलेली जुनी वही आणावी, धाकट्याने ती मागितली आहे.

तुमची लेक