बायपासनंतरच्या व्यायामाची जबाबदारी कोणाची?

मा. संपादक,

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे, तसेच २०२४पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न घालता मिळू लागलेल्या आयुष्मान भारतच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणामुळे, अँजिओप्लास्टी आणि बायपास सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आल्या, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्यानंतर ज्येष्ठ रुग्णाने कोणता व्यायाम, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली करावा, हा विषय बहुधा डिस्चार्ज कार्डावरील ‘हलके चालावे, जड वस्तू उचलू नये’ एवढ्या ओळीत आटोपला जातो. फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्यावरही ही ओळ मला खटकत राहते.

बायपासमध्ये छातीचे मधले हाड कापून पुन्हा तारेने बांधलेले असते. ते जुळून येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन महिने, हातांवर भार देऊन उठण्यास सहसा मनाई असते. म्हणजे खुर्चीतून किंवा शौचालयातून उठण्याचे सारे काम मांड्यांवर येते. आणि रुग्णालयातील पडून राहण्याने म्हाताऱ्या माणसाच्या मांड्यांचीच ताकद आधी जाते. त्यात हृदयाला जोडायची रक्तवाहिनी अनेकदा पायातून काढलेली असल्याने एक पाय सुजलेला असतो. अशा वेळी घरचे प्रेमापोटी ‘बाबा, तुम्ही उठू नका, पाणी आम्ही आणून देतो’ म्हणतात आणि उरलीसुरली ताकदही घालवून बसतात. हृदयविकाराच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवण्याच्या प्रथेला अमेरिकेतील लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी १९५२मध्येच आव्हान देऊन रुग्णांना खुर्चीत बसवले होते. आपल्या घरांतून ती प्रथा अजून हटलेली नाही.

नुसते चालणेही अशा रुग्णाला पुरत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठण्याचा सराव, कट्ट्याला धरून टाचा उचलणे, तोल सांभाळण्याचे व्यायाम, आधी व नंतर शरीर हळूहळू तापवणे आणि निववणे, हे सारे त्यात हवे. अनेकांना हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे नाडी मोजून श्रमाचा अंदाज फसतो. म्हणून चालताना पूर्ण वाक्य बोलता येते का, हे पाहायला आम्ही शिकवतो. छातीत दुखले, चक्कर आली किंवा धाप लागून बोलणे तुटले, तर थांबून डॉक्टरांना कळवायचे. हे समजावून सांगायला फार तर अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास कोणाच्याच कामाच्या यादीत नसतो.

या व्यायामाचा लाभ हा आता मतभेदाचा विषय राहिलेला नाही. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१च्या आढाव्यात रुग्णांवर झालेल्या ८५ तुलनात्मक चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक रुग्ण होते. व्यायामाधारित पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटल्याचे त्यात दिसले. त्यांतील बहुतेक रुग्ण तुलनेने तरुण होते, हा आक्षेप रास्तच होता. परंतु इटलीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, चालण्या-उठण्याची क्षमता मंदावलेल्या, ६५ वर्षे व त्यापुढील ५१२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्याला बरेचसे उत्तर दिले आहे. देखरेखीखालील मोजकी सत्रे, बाकी घरी व्यायाम, जोडीला आहार आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, एवढ्यावर हृदयविकाराने मृत्यू किंवा त्यासाठी अचानक भरती व्हावे लागण्याचे वर्षभरातील प्रमाण नेहमीच्या उपचारांतील सुमारे २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. आपल्याकडेही २४ केंद्रांत झालेल्या योग-केअर चाचणीत योगाधारित पुनर्वसनाने रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटू लागली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या प्रकारे परतले. मृत्यूच्या प्रमाणात मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. माझी आरोग्य खात्याला विनंती आहे की, योजनेतील हृदयशस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच घरी सोडण्यापूर्वीची सहा मिनिटांची चालण्याची चाचणी, लेखी व्यायामपत्रक आणि पुढील तीन महिन्यांतील फिजिओथेरपिस्टच्या काही भेटी समाविष्ट कराव्यात. खेड्यातील रुग्णाला या भेटी शहरातील शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात नव्हे, तर जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात मिळाव्यात. अन्यथा एसटीच्या प्रवासापायीच तो दुसऱ्या भेटीला येणार नाही.

— एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, मिरज