मुंगसाचे अकरा गुण

मा. संपादक,

सुट्टी लागली की इंदूरच्या मराठी घरांत स्क्रॅबलचा, म्हणजे गुण असलेल्या अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळाचा, डाव पडतोच. मुलं ‘मंगूज’ (mongoose) हा शब्द सहज लावतात, पण तो आपल्या मुंगसावरूनच इंग्रजीत गेला, हे त्यांना कुणी सांगत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला. शेवटच्या ‘गूज’चा इंग्रजी ‘goose’शी, म्हणजे हंसाशी, काडीचाही संबंध नाही, केवळ ओळखीच्या शब्दासारखं स्पेलिंग रूढ झालं. म्हणूनच अनेकवचन ‘goose’च्या ‘geese’सारखं न करता ‘मंगूजेस’ असं साधं करतात.

खेळात हा शब्द मोठा मजेशीर आहे. अक्षरं आठ, त्यांत तीन ‘ओ’, आणि मूळ गुण अवघे अकरा! हाती सातच सोंगट्या असतात, म्हणून एक तरी अक्षर पटावर आधीपासून हवं. मात्र सातही एकदम लागल्या तर वर पन्नास गुण मिळतात.

आपल्या बालपुरवणीत शब्दकोडं येतं, उत्तरंही येतात. त्या उत्तरांखाली एखाद्या शब्दाचं मूळ दोन ओळींत छापावं, ही कळकळीची विनंती. इथली बहुतेक मुलं शाळेत हिंदी-इंग्रजीच शिकतात. मराठी त्यांना घरातच भेटते. सुरुवात मुंगसापासून करावी.

– एक वाचक, रामबाग, इंदूर