टक्के छापता तसं मोजलं काय तेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सर्च इंजिनांच्या बातम्यांत "जगातले ९० टक्के लोक गूगल वापरतात" हे वाक्य हमखास असतं. आकडा बहुतेक वेळा स्टॅटकाउंटर या वेबसाइटचं ट्रॅफिक मोजणाऱ्या कंपनीचा असतो, आणि स्टॅटकाउंटर माणसं मोजतच नाही हो! त्यांचा कोड लाखो वेबसाइटवर बसवलेला आहे, तिथे कोण कुठल्या सर्च इंजिनवरून आलं तेवढंच ते मोजतात. म्हणजे सगळी मोजणी सर्चनंतर क्लिक झालं तरच. कोणी डॉलरचा रेट किंवा मॅचचा स्कोअर शोधला, उत्तर वरच दिसलं, फोन परत खिशात... सर्च झाला पण कुठल्याच वेबसाइटला पत्ता नाही. आता एआयची उत्तरं पण वरच येतात, त्यामुळे हे वाढणारच.

आणि क्लिक झालं तरी माणूस कुठून आला हे दरवेळी कळतंच असं नाही. मी एक वेबसाइट सांभाळतो. ट्रॅफिक रिपोर्टमध्ये "डायरेक्ट" म्हणून एक मोठा गठ्ठा दिसतो, त्यात कितीतरी जण कुठल्यातरी ॲपमधून आलेले असतात, फक्त ॲपने रेफरर (म्हणजे माणूस कुठून आला याची नोंद) पाठवलेला नसतो, मग तो माणूस आला कुठून हे कळायला काही मार्गच नाही.

शिवाय वापर म्हणजे आवड असं पण नाही. गूगलने फोन आणि ब्राउझरमध्ये डिफॉल्ट (आधीपासून लावलेलं) सर्च इंजिन राहण्यासाठी एकट्या २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये जज अमित मेहतांनी गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली असा निकाल दिला. मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्च इंजिनचंही तेच, विंडोजमध्ये एज ब्राउझर आणि एजमध्ये बिंग आधीपासूनच असतं म्हणून डेस्कटॉपवर त्याचा वाटा मोबाइलपेक्षा कितीतरी जास्त दिसतो.

मला खरी काळजी पुढची आहे. असे टक्के वाचून वेबसाइटवाले फक्त गूगलपुरतंच बघतात, आपली पानं बिंगमध्ये आहेत की नाही हे तपासतसुद्धा नाहीत, आणि डकडकगो, याहू या सर्च इंजिनांचे रिझल्ट बरेचसे बिंगकडूनच येतात म्हणजे तिथूनही गायब. मग तिकडून ट्रॅफिक येणार कसं? आणि पुढच्या महिन्यात तोच कमी आकडा "लोकांना नकोच आहे" याचा पुरावा म्हणून छापला जातो!

म्हणून विनंती एवढीच, आकड्याशेजारी एक ओळ द्या: क्लिक मोजले की सर्च, मोबाइल की डेस्कटॉप, आणि कुठल्या देशातले, कारण रशियात यांडेक्स आणि चीनमध्ये बायडू धरल्यावर चित्र पार बदलतं.

आपला,
एक नियमित वाचक