दादरच्या जिन्यांवर ऐनवेळच्या घोषणा नकोत

दादर स्थानकात पूर्वी मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांवर एक नंबरचा फलाट होता. नवख्या माणसाची, त्यातही सामानसुमान घेऊन लांब पल्ल्याची गाडी धरायला आलेल्याची, हमखास फसगत व्हायची. डिसेंबर 2023 पासून पश्चिमेचे फलाट 1 ते 7 आणि मध्यचे 8 ते 14 असे सलग क्रमांक झाले. हा बदल खरोखर उपयोगाचा ठरला. तो फार आधीच व्हायला हवा होता.

आता पुलांकडे लक्ष द्यावे. लोकल दुसऱ्या फलाटावर येणार, ही घोषणा गाडी शिरता शिरता झाली की जिन्यावर चढणारे आणि उतरणारे एकमेकांवर आदळतात. त्यात म्हातारी माणसे असतात, कडेवर मूल घेतलेल्या बाया असतात. शेजारच्याच प्रभादेवी (तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड) स्थानकाच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी पावसामुळे खोळंबलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचे जीव गेले. फलाट बदलायचाच असेल तर पूल ओलांडण्याइतका वेळ हातात असताना सांगावे, आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येक जिन्यावर चढायची व उतरायची बाजू वेगळी ठेवून तिथे माणूस उभा करावा.

— एक प्रवासी, डोंबिवली